उस्तिंग सौदीला गेला

टीव्हीवरच्या कुटुंबाचा कर्ता माणूस मेला की त्याचं काय करायचं, याच्या तऱ्हा आमच्या धंद्यात ठरलेल्या आहेत. एका मालिकेत बाप कपडे बदलायला माडीवर गेला तो पुन्हा खाली आलाच नाही, आणि घरातल्या एकालाही वर जाऊन बघावंसं वाटलं नाही. दुसरीत बाप तोच, नाव तेच, चेहरा मात्र भलत्याचाच. बायकोने पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात हात टाकले. तिसरीत आजवर कुणी नावही न ऐकलेला जुळा भाऊ दूरच्या विसाया बेटांवरून बोचकं घेऊन दारात उभा राहिला. मी सगळा जन्म मनिलात नटी म्हणून काढला आहे. हे सगळे प्रकार पाहून पोट धरून हसले आहे. फेरमिन गेला तेव्हा मात्र हसू आलं नाही.

फेरमिन बाल्दोमार म्हणजे आमच्या मालिकेतला उस्तिंग. जीपनी, म्हणजे आमची रंगीबेरंगी प्रवासी जीप, चालवणारा, कायम उधळ्या, कायम भुकेला. मी त्याची सासू, लोला तुदेंग, म्हणजे तुदेंग आजी. सोळा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं लोकांच्या घरात भांडत होतो. प्रत्येक भागाचा शेवट जेवणाच्या टेबलावर व्हायचा. ताटलीत तळलेला एकच मासा उरलेला असायचा. उस्तिंग लाडात येऊन, सासूला 'नानाय' म्हणजे आई म्हणत विचारायचा, "नानाय, माझा मासा ठेवलाय ना?" आणि मी तो मासा त्याच्या नाकासमोरून उचलून म्हणायचे, "का, तुझ्या बापानं पकडलाय?" लगेच टेपवरचं साठवलेलं हसू सुटायचं आणि नावं वर सरकायला लागायची. सोळा वर्षांत त्याला तो मासा एकदाही मिळाला नाही. बाजारात मासेवाल्या मला बघून हेच वाक्य ओरडायच्या आणि वर एक मासा फुकट द्यायच्या. तो मी फेरमिनला नेऊन द्यायचे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

शूटिंगला येताना, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीतच तो गेला. ड्रायव्हरला वाटलं, झोप लागली.

त्याच्या मयतीला सात रात्री माणसांची रीघ होती. आमच्याकडे मयतीला रडतात कमी. पत्ते खेळतात, कॉफी पितात आणि मेलेल्याचे किस्से सांगून खिदळतात. फेरमिनच्या किश्श्यांना तोटा नव्हता. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलत राहिली. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या बाया शवपेटीपाशी यायच्या आणि थेट चारितोच्या गळ्यात पडायच्या. चारितो म्हणजे मालिकेत उस्तिंगची बायको, माझी लेक. "धीर धर पोरी," म्हणायच्या, "फार प्रेम होतं त्याचं तुझ्यावर." चारितोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि कोपऱ्यात काळ्या झग्यात उभी असलेली मेडिंग, फेरमिनची खरी बायको, तिला त्यातलीच एक म्हणाली, "बाई, जरा कॉफी आणतेस का?"

मेडिंगने आणून दिली. वर विचारलं, "साखर पुरेशी आहे ना?"

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, तशी चॅनलच्या मॅडमनी आम्हाला वरच्या मजल्यावर बोलावलं. मॅडम विव्हियन. माणूस वाईट नाही, पण प्रेक्षकांचा आकडा बघितल्याशिवाय श्वासही घेणार नाही. आमचा दिग्दर्शक रोमेल, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'दिरेक' म्हणतो, खाली मान घालून बसला होता.

"मालिका बंद होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "साठ घरांची चूल त्यावर आहे. पण शनिवारी संध्याकाळी मी लोकांना रडायलाही लावणार नाही. शोकसभा बघायला कोण बसतं? नि साबणवाले जाहिरात देतील?"

"मग उस्तिंग गेला कुठे म्हणायचं?" चारितोने विचारलं.

लेखकांतल्या एकाने हळूच म्हटलं, "सौदीला."

सौदी हा शब्द आमच्याकडे असा आहे, की पुढे काही विचारायचं उरत नाही. गल्लीगल्लीत एक बाप वाळवंटात असतो, एक बोटीवर असतो. तो घरात नसतो, पण असतो. फोन येतो, नाताळाला चॉकलेट-साबणाचा मोठा खोका येतो. पोरं त्याच्या आवाजावरच मोठी होतात.

"आवाज आहे आपल्याकडे," दिरेक वर न बघता म्हणाला. "सोळा वर्षांचा. जुन्या भागांतून तुकडे जोडता येतील."

मला राहवलं नाही. "मेलेल्या माणसाला व्हिसा कोण देतं रे?"

मॅडमनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "तिता एलो, हे वाक्य छान आहे. थोडं बदलून घेऊ का?"

सेटवर मी सगळ्यांची तिता, म्हणजे मावशी. मी कपाळाला हात लावला.

आणि गंमत अशी, की ते चाललं. दणक्यात चाललं. पहिल्या भागात घराबाहेर नुसती बॅग दिसली आणि विमान उडाल्याचा आवाज आला. मग टेबलावरचा फोन वाजला, आणि फेरमिन बोलला, "हॅलो? ऐकू येतंय का?" तो 'हॅलो' कुठला, हे मला कळलं. घरात पुराचं पाणी शिरतं त्या भागातला. तेव्हा त्याला सर्दी झाली होती. 'ऐकू येतंय का' हे दुसऱ्याच कुठल्या तरी वर्षाचं, जेव्हा तो जाडा होता आणि बोलताना त्याला धाप लागायची. एका माणसाचे असे तुकडे शिवून त्यांनी मला गोधडी करून दिली होती आणि सांगितलं होतं, हिच्याशी भांडा. मी भांडले. घर चालवायचं तर काम करावंच लागतं. मेकअपच्या बेबोतने माझे डोळे तीनदा नव्याने रंगवले.

आकडे वर गेले. मॅडमनी सगळ्यांना केक पाठवला.

मग एका दुपारी मेडिंग माझ्या घरी आली. हातात चिकटभाताच्या गोड वड्यांचा डबा होता. एरवी आली की आधी माझ्या पडद्यांना नावं ठेवायची. त्या दिवशी सरळ खुर्चीवर बसली.

"तिता, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"मी रागावते म्हणून तर लोक मला पैसे देतात. विचार."

"शनिवारी तुम्ही त्याला पुन्हा फोनवर बोलावणार?"

मी मान हलवली.

"शनिवारी चाळिसावा आहे त्याचा," ती म्हणाली. "चाळीस दिवस माणूस घराभोवतीच घुटमळतो, मग वर जातो. मला कळतंय तो आहे ते. रात्री न्हाणीघराचा दिवा आपोआप लागतो. त्याला कधी बंद करायची सवयच नव्हती. पण तिता, शनिवारी त्यानं निघायचं आहे, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही हाक मारणार. तो थांबेल हो! कामाची हाक आली की अंगात ताप असला तरी उठायचा. तुम्हाला माहीत आहे त्याचा स्वभाव."

माहीत होता. मी डबा उघडला आणि तसाच मिटला.

"आणि इसिंग," ती पुढे म्हणाली. इसिंग तिची नात, चार वर्षांची; फेरमिनला लोलो, म्हणजे आजोबा म्हणायची. "रोज फाटकात जाऊन बसते. म्हणते, लोलो सौदीहून खोका पाठवणार आहे, त्यात बाहुली आहे. मी म्हटलं, अगं, आपण लोलोला मातीत ठेवून आलो ना? तू फुलं टाकलीस ना? तर म्हणते, मग टीव्हीत कोण बोलतं?"

मी उठून तिला पाणी आणून दिलं.

मेडिंगने डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते. ती माझ्या टेबलावरच्या उष्ट्या ताटलीकडे बघत होती.

"त्या दिवशी सकाळी लसणाचा भात केला होता. आम्ही दोघं खात होतो. गाडी आली म्हणून तो अर्ध्यावरच उठला. मी ताट फिरवलं, तिता. माझी आई फिरवायची तसं. जेवणातून उठून कुणी वाटेला लागलं, की जे खात बसलेत त्यांनी आपलं ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. लग्न झाल्यापासून फिरवत आले. त्या दिवशीही फिरवलं, नीट, पूर्ण. आणि तो पोचला नाही. तेव्हापासून मी फिरवत नाही. मुलगा कामावर जातो, सून जाते, मी आपली खात बसते. काय उपयोग?"

"मी काय करू, मेडिंग?"

"त्याला जाऊ द्या म्हणावं. माझं त्यानं कधी ऐकलं नाही. तुमचं ऐकायचा."

दुसऱ्याच दिवशी मी मॅडमकडे गेले. म्हटलं, एवढा एक शनिवार फोन नको. हवं तर उस्तिंग कामावर आहे म्हणा, लाइन बिघडली म्हणा, नाहीतर सरळ सांगा की तो गेला. लोकांना ठाऊक आहेच, त्यांनी पेपरात फोटो बघितलाय.

"ठाऊक आहे म्हणूनच तर बघतात, तिता," मॅडम म्हणाल्या. "त्यांना तो परत हवाय. आपण देतोय."

"आणि त्याच्या बायकोला?"

"मला वाईट वाटतं. खरंच. पण भाग लिहून झालाय." मग जरा हसून म्हणाल्या, "आणि तुम्हाला जमत नसेल तर लोला तुदेंगलाही सौदीला पाठवता येईल."

"मला? या गुडघ्यांनी? उंट तरी वर घेईल का?"

त्या हसल्या. मीही हसले. पण धमकी ती धमकीच, आणि ती माझ्या एकटीच्या जिवावर नव्हती. मी रुसून घरी बसले असते तर मालिकेत उरलं कोण? चारितोची दोन पोरं कॉलेजात. बेबोतची आई आजारी. साठ चुलींचं मॅडम उगाच नव्हत्या बोलल्या. मेडिंगचा शब्द ठेवावा तर या सगळ्यांच्या पोटावर पाय, आणि यांचं पोट बघावं तर फेरमिन तिथेच लोंबकळणार. मी चॅपलमध्ये जाऊन बसले, तर तिथेही मला फेरमिनचेच विनोद आठवत राहिले.

गुरुवारी शूटिंग झालं. शेवटचा प्रसंग नेहमीचाच. टेबलाभोवती मी, चारितो आणि आमची दोन टीव्हीवरची नातवंडं, आता चांगली घोडी झालेली. मध्ये भात, आंबट रस्सा, आणि ताटलीत एक तळलेला मासा. उस्तिंगच्या रिकाम्या खुर्चीसमोर फोन ठेवलेला. कोपऱ्यात, कॅमेऱ्यांच्या मागे, ज्यांचं काम झालं होतं ते ताटल्या घेऊन जेवत होते. आमच्या सेटवर तळलेले मासे नेहमी जास्तीचे असतात आणि कधी उरत नाहीत.

"तिता, तयार?" दिरेकने विचारलं.

"मी सोळा वर्षं तयार आहे."

फोन वाजला. चारितोने बटण दाबलं. फेरमिन म्हणाला, "नानाय, माझा मासा ठेवलाय ना?"

हे वाक्य तुकड्यांचं नव्हतं. अख्खं होतं. मागच्याच नाताळातलं, बोलण्याआधी त्याने घोट गिळला होता, कारण मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. ते आवरलेलं हसू त्या आवाजात अजून होतं.

आता मी म्हणायचं होतं, का, तुझ्या बापानं पकडलाय? तोंडात वाक्य आलं होतं. जीभ आपोआप तिकडे वळते हो, इतक्या वर्षांची सवय. मी मासा उचलला. आणि माझ्या हाताने तो मासा त्या रिकाम्या जागी, फोनसमोर ठेवला.

"घे बाबा," मी म्हटलं. "तुझाच आहे. कायम तुझाच होता. आता घे आणि नीघ. आमची नको काळजी करू. आमचं जेवण अजून चाललंय."

आणि मी माझं ताट दोन्ही हातांनी धरून फिरवलं.

लाकडावर चिनी माती घासल्याचा तो आवाज सगळ्या सेटवर ऐकू गेला. यानंतर टेपवर फेरमिनचं "हा हा, नानाय, तुम्ही कधी बदलायच्या नाहीत!" यायचं होतं. ते आलंच नाही. आवाजवाल्याने बटण दाबलं नाही, की त्याला सुचलं नाही, कुणास ठाऊक. मग चारितोने आपलं ताट फिरवलं आणि मांडीतल्या रुमालात तोंड खुपसलं. नातवंडांनी फिरवलं. कोपऱ्यात बेबोत मांडीवर ताटली घेऊन बसली होती, तिने फिरवली; तिच्या शेजारच्या लाइटवाल्याने फिरवली. दिरेकने 'कट' म्हटलं नाही. कॅमेरा चालूच राहिला.

मॅडम जिन्यावरून खाली येताना टाचांचा आवाज आला, तेव्हा कुठे तो भानावर आला.

"हे काय होतं?" मॅडम म्हणाल्या. "पुन्हा घ्या. लिहिलंय तसं."

मी म्हटलं, "मॅडम, माणूस एकदाच जातो. दुसऱ्यांदा ताट फिरवत नाहीत."

"दिरेक! रिटेक."

दिरेकने कोपऱ्याकडे पाहिलं. एक नजर, बस. "मासे संपले, मॅडम," तो म्हणाला. आणि खरंच, तिथे सगळ्यांची तोंडं भरलेली होती. बेबोत तर काट्यासकट चावत होती.

"मग विकत आणा!"

"या ट्रॅफिकमध्ये? उद्या पोचतील."

मॅडमनी आमच्याकडे, एकेकाकडे, नीट पाहून घेतलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "मग मी तो भाग कापते." आणि वर गेल्या. चारितो म्हणाली, "तिता, आपली नोकरी गेली का?" मी म्हटलं, "गेली तर सौदीला जाऊ."

शनिवारी मी मेडिंगकडे होते. प्रार्थना झाली, दिवे लावले, मग पानात शेवयांची पान्सित वाढली. घरची माणसं मिळेल तिथे बसून जेवत होती. मेडिंगला टीव्ही नको होता, पण इसिंगने आधीच लावला होता, आणि चाळिसाव्याला पोराला रडवायचं नाही म्हणून कुणी बंद केला नाही. मी मेडिंगला काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार? त्यांनी कापलं असेल, तर आता इथे सगळ्यांसमोर फेरमिन हसत म्हणणार, नानाय, तुम्ही कधी बदलायच्या नाहीत, आणि माझा थिजलेला चेहरा दाखवून नावं वर सरकणार.

शेवटचा प्रसंग आला. फोन वाजला. "नानाय, माझा मासा ठेवलाय ना?"

"लोलो!" इसिंगने टाळ्या वाजवल्या. मेडिंगने डोळे मिटले.

आणि मग पडद्यावर माझा हात पुढे आला, मासा खाली ठेवला गेला. "घे बाबा. तुझाच आहे." एवढं स्पष्ट ऐकू आलं. टेपवरचं हसू कुठेच नव्हतं. त्यांनी हसू घातलंच नव्हतं. ताट फिरल्याचा आवाज, चारितोचं ताट, नातवंडांची ताटं, आणि मग बराच वेळ नुसती ती रिकामी खुर्ची आणि तिच्यासमोर मासा. नावं वर सरकली तीसुद्धा गुपचूप. मॅडमनी का नाही कापलं, ते मी कधी विचारलं नाही. त्यांचा बाप बोटीवर होता असं नंतर कुणीतरी म्हणालं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. मालिका चालू आहे अजून. पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी कपड्यांना काळी फीत लावली होती, आणि साबणाची जाहिरातही आली होती.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मेडिंगच्या घरात टीव्हीवर अजून नावंच सरकत होती. मेडिंगने डोळे उघडले होते आणि ती टीव्हीकडे बघत होती. हातात अर्धी खाल्लेली पान्सितची ताटली होती.

इसिंगने तिचा झगा ओढला. "लोलो कुठे चालला?"

"वर चालला, बाळा."

"पोचला की फोन करेल?"

मेडिंगने ताटली टेबलावर ठेवली. दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि सावकाश, पूर्ण फिरवली.

"तिथे पोचल्यावर फोन करत नाहीत," ती म्हणाली, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.

आजीचं बघून इसिंगनेही आपली ताटली फिरवली. थोड्या शेवया जमिनीवर सांडल्या, आणि कुणीही तिला रागावलं नाही.